मुगाला लूट म्हणत नाहीत

ठाण्यातल्या माणसानं पेन खाली ठेवला आणि विचारलं, "जमीन तपल्या नावावर हाये का?"

"न्हाई साहेब. गायरान हाये. बापापासून कसतो."

"मंग लूट कशाची? अतिक्रमणातला मूग तो. लूट म्हणायला आधी मालक लागतो."

भावांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऑगस्ट २०२४ चे शेवटचे दिवस. पोळा तोंडावर आला होता. मी केदारखेड्याचा, ज्याचा मूग गेला तो जवळच्या एका वाडीवरचा. त्याचं नाव सांगत नाही, वाडीचं नाही, ठाण्याचंही नाही. त्याला तिथंच राहायचंय.

दीड एकर मूग. शेंगा काळ्या पडल्या होत्या, दोन दिवसांत तोडणी. रात्री ट्रॅक्टर आला, सात माणसं उतरली. हा राखणीला होता. दोघांनी काठ्या घेऊन त्याला बांधावर बसवला, जातीवरून जे बोलायचं ते बोलले, आणि उरलेल्यांनी मूग मुळासकट उपटून ट्रॉलीत भरला. सकाळी वावर असं दिसत होतं जसं काही पेरलंच नव्हतं.

अर्ज मी लिहिला होता. माझ्या अक्षराचं जरा कौतुक आहे वस्तीत. लिहिलं होतं, "सात इसमांनी धाकदपटशा करून माझ्या शेतातील दीड एकर मूग लुटून नेला." त्या माणसानं लाल पेनानं 'लुटून' वर काट मारली. मग 'माझ्या शेतातील' वर मारली आणि वर लिहिलं, 'अतिक्रमित क्षेत्रातील'. जातीच्या शिव्यांचं वाक्य तर त्यानं उतरवलंच नाही. आम्हांला अदखलपात्राची चिठ्ठी दिली. तिच्यावर कारण काय, तर 'आपसातील वाद'.

सात जण, एक ट्रॅक्टर, एक रात्र, आणि 'आपसातील'!

मी आजवर समजत होतो की लढाई भाकरीची असते, जमिनीची असते, अब्रूची असते. शब्दांची लढाई ही शहरातल्या पांढरपेशांची चैन. त्या दिवशी कळलं की भाकर आधी शब्दात मारली जाते, मग ताटात. मूग रात्री गेला होता, तरी तोवर तो आमचाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लाल पेनानं तो आमचा नव्हताच असं ठरवलं.

पुढं आठ दिवसांत एक मोठी गंमत झाली. फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. टीव्ही चालू. २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला होता आणि राज्य तापलं होतं. त्या तापात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बोलले, की महाराजांनी सुरत लुटलीच नव्हती, काँग्रेसनं आपल्याला तसं शिकवलं. झालं. इतिहास संशोधक इंद्रजित सावंत पुढं आले, समकालीन साधनं आहेत, सुरत एकदा नाही दोनदा लुटली, म्हणाले. मग पुढारी, प्रवक्ते, प्राध्यापक. लूट की स्वारी? लूट की वसुली? लूट म्हणायचं की नाही म्हणायचं? दिवसभर एकच शब्द टीव्हीवर उलटापालटा होत होता.

माझ्याबरोबर तो मूगवाला बसला होता. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "च्यामायला, तिकडं लूट झालती का न्हाई त्याच्यावर सारं राज्य भांडायलंय. आन् हितं झालेली लूट कुणी लिहून घेईना."

आमचं शिवाजीशी भांडण नाही. जोतीरावांनी १८६९ साली त्याच्यावर पोवाडा रचला आणि त्याला कुळवाड्यांचा राजा म्हटलं. तो राजा आमचा आहे. आणि सुरतेचं म्हणाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन मुलूख खाऊन बसला. रयत उजाड झाली. त्याला हाकलल्यावर रिकामा खजिना भरायचा तर कुठून? रयतेच्या कणगीतून? जानेवारी १६६४ मध्ये महाराज मोगलांच्या सगळ्यात श्रीमंत बंदरावर गेले आणि वीरजी व्होऱ्यासारख्या सावकारांच्या तिजोऱ्या फोडल्या. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा गेले. कुणब्याच्या झोपडीतून मूग उपटायला गेले नाहीत. ती लूटच होती आणि सरळ होती. लाज वाटते ती कुणाला? ज्यांना राजाही शुचिर्भूत लागतो त्यांना.

माझा मुद्दा वेगळाच आहे. राजाच्या बाबतीत 'लूट' हा शब्द हलका पडतो म्हणून काढून घ्यायला मोठमोठी माणसं धावतात. आमच्या बाबतीत तोच शब्द जड पडतो म्हणून काढून घेतात. दोन्हीकडं शब्द काढणारा हात एकाच घरचा.

हा शब्द आहे तरी काय, बघा. आपल्या मराठीत लुटणं म्हणजे नुसतं हिसकावणं नाही. आनंद लुटतात, मजा लुटतात. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे वाटतात. लहान पोराच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात आणि बाकीची पोरं ती लुटतात, त्याचं कौतुक. दुकानदार 'महालूट' अशी पाटी लावतो आणि गिऱ्हाईक हसत आत शिरतं. आणि दसऱ्याला सोनं लुटतात. घरात भरलेलं असलं की लूट हा सण असतो.

माझी आजी, आम्ही तिला बुढीमाय म्हणायचो, दसऱ्याला दारातून हलायची नाही. शिलंगणाहून आलेली मंडळी आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देत, गळ्यात पडत. आमच्या हातात वरून टाकत. एकदा मी विचारलं, बुढीमाय, तू कामून न्हाई जात सोनं लुटाया? ती म्हणाली, "सीमा वलांडाया आधी माणूस येशीच्या आत तं पायजे." पुढं आम्ही दसरा असा मोजायचा सोडला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तो दिवस नागपूरचा झाला. पण पानाखालचा इतिहास विसरू नका. दसरा म्हणजे मराठेशाहीत फौजा बाहेर पडायचा मुहूर्त. पाऊस सरला, वाटा वाळल्या, चला मुलखावर. त्याला लूट म्हणत नव्हते. मुलूखगिरी म्हणत. जे आणलं त्याला चौथाई, सरदेशमुखी, खंडणी, घासदाणा. एकेका हिसक्याला एकेक रुबाबदार नाव. फौजेच्या शेपटाला बिनपगारी पेंढारी असत. त्यांनी तेच केलं की ती मात्र लूट. घोडा तोच, धूळ तीच; पुढच्या स्वाराला जहागीर आणि मागच्याला फास.

मग कंपनी आली. तिनं पेंढाऱ्यांचा बंदोबस्त आम्ही केला म्हणून पाठ थोपटून घेतली. १८१८ ला पेशवाई बुडाली. त्या मोहिमेत दख्खनमध्ये जे सोनंनाणं हाती लागलं त्याच्या वाटणीवरून कंपनीच्या फौजांत वर्षानुवर्षं तंटा चालला, थेट विलायतेपर्यंत गेला. त्या मालाचं कायदेशीर नाव होतं 'प्राइझ मनी'. बक्षीस! आणि ज्या साहेबांनी आपल्या लुटीला बक्षीस म्हटलं त्यांनीच आपला 'लूट' हा शब्द उचलून इंग्रजीत नेला. तो आजही तिथं आहे. आपली एवढी एक वस्तू ते उघड उघड वापरतात.

त्याच साहेबांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा, आणखी कितीतरी. पोर जन्मायच्या आधी लुटारू. त्यानं काय नेलं हे विचारायची गरज नाही. तो कुणाच्या पोटचा एवढं पुरे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं कायद्यानं सुटली. गावात चोरी झाली की पहिला दरवाजा कुणाच्या पालाचा वाजतो ते तुम्हांला माहीत आहे. मी सांगायला नको.

आता उलटा हिशेब मांडा. सरकारी वसूल डोक्यावर घेऊन तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा कोण? महार. रानावनातून, रात्रीबेरात्री. गावाची शीव माहीत कुणाला? महाराला. दोन गावांचा तंटा झाला तर शीव चालून दाखवायला पुढं कोण? तोच. म्हणजे गावाचा पैका आणि गावाची हद्द ज्याच्या इमानावर उभी होती त्याच्याच दाराला गाव रात्री कान लावून बसायचं, की ह्यानं काही आणलं का.

आणि त्या इमानाचा मोबदला? रात्रंदिवस राबायचं आणि घरोघर भाकरी घ्यायला जायचं. ती मजुरी होती. भाषेनं तिला 'मागणं' म्हटलं. ज्याचं देणं लागतो तो दाता झाला आणि ज्याचं येणं तो भिकारी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते याचसाठी. वतन म्हणजे मान नव्हे, गळ्यातली दोरी आहे, हे त्यांनी आपल्याच माणसांना पटवायचा जन्मभर प्रयत्न केला. आपल्यातलेच काही मिशीला पीळ देत म्हणायचे, आम्ही वतनदार! शब्दाला भुलायची खोड आपल्यालाही आहे.

शब्दाची ही चाल एकट्या आपल्या मुलखाची नाही. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर वादळात बुडालं. छातीभर पाण्यातून लोक दुकानातलं खाणं घेऊन चाललेले. दोन बातमी संस्थांचे दोन फोटो प्रसिद्ध झाले. एकात काळा तरुण. खाली लिहिलं, दुकान 'लुटून' चाललाय. दुसऱ्यात गोरी जोडी. खाली लिहिलं, त्यांना पाव आणि पेय 'सापडलं'. पाणी तेवढंच, भूक तेवढीच. आपल्या पँथरनं १९७२ साली नाव कुणाकडून घेतलं हे तुम्ही जाणता. त्या काळ्या भावाच्या फोटोखालचं वाक्य आणि आमच्या अर्जावरची लाल काट मला एकाच माणसाच्या अक्षरातली वाटते.

आता १९७८ वर येतो. त्यावेळी जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ चा. आमचा भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबादेत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पोचीराम कांबळेंना ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत जिवंत जाळलं. ह्या सगळ्याला आजही काय म्हणतात? 'नामांतराची दंगल'. आपणसुद्धा म्हणतो. दंगल म्हणजे कुस्ती. दोन पैलवान लागतात. एका बाजूला पाचशे माणसं रॉकेल घेऊन आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीत लपलेली बाई, पोटाशी पोर, तोंडावर हात. ही कुठली दंगल?

माझ्या आत्याचं सासर परभणीकडचं. ती त्या बाईंपैकी एक. घर जळलं ते सगळ्यांना माहीत आहे. घर जळायच्या आधी ते रिकामं झालं होतं हे कुणी बोलत नाही. आधी दाणे गेले. मग दोन शेळ्या. मग भांडी. मग आग. आगीचा एक फायदा असा असतो की ती चोरीची पावती जाळून टाकते. सरकार आलं तेव्हा राख होती, आणि राखेला एकच नाव, जळीत. आत्या जळीतग्रस्त झाली. मदत मिळाली. ती 'मदत' होती, ध्यानात घ्या. भरपाई नव्हे, चोरीचा माल परत नव्हे.

दोनेक वर्षांनी आत्याला तिचा पितळी हंडा त्याच गावात एका ओसरीवर दिसला. पाणी भरलेला. काठावर मामाचं नाव कोरलेलं, तिनं बाजारात कासाराकडून स्वतः घालून घेतलेलं. आमच्या अख्ख्या खानदानात मालक म्हणून नाव लागलेली ती एकच वस्तू. सातबारावर नाव नाही, घरपट्टीवर नाही, हंड्यावर होतं. ती उभी राहिली, नाव वाचता येत नव्हतं तरी बोटानं ओळखलं असतं तिनं, आणि काही न बोलता निघून आली. मी विचारलं, बोललीस का नाही? म्हणाली, "काय म्हणू? माझा हाये म्हणलं तं म्हणतील, मंग आग लागली तव्हा कुठं व्हता?"

नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. हंडा अजून तिकडंच असेल. पितळ लवकर मरत नाही.

आता गायरान. इथं तर शब्दांचा बाजारच आहे. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सुरू झाला, लाखोंनी तुरुंग भरले. आपल्या लोकांनी दगड वेचले, काट्या काढल्या, माळाचं वावर केलं. त्याचं सरकारी नाव 'अतिक्रमण'. जुन्या वाड्यानं शेजारच्या नाल्यात बांध सारून दोन एकर आत घेतली, तिला 'वहिवाट'. कारखान्याला, शिक्षणसम्राटाला सरकारी जमीन मिळाली, ते 'वाटप'. आमच्या भोकरदन-जाफराबादेतून पूर्णा वाहते. तिच्या पात्रातून हायवा भरभरून वाळू जाते, नदी पोटातून पोखरली, तिला 'उपसा' म्हणतात. फार रागावले तर 'अवैध उपसा'. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या विक्रीची बातमी फुटली, तेव्हा पेपरांत शब्द होते 'व्यवहार', 'प्रकरण', 'घोटाळा'. मी चार दिवस शोधत होतो, लूट कुठं लिहिलंय का. वतन ज्यांच्या पूर्वजांचं होतं ती माणसं तर बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात.

म्हणजे ठाण्यातल्या त्या माणसाचं वाक्य साधं नव्हतं. लूट म्हणायला मालक लागतो. तुम्हांला कधी मालक होऊच दिलं नाही, म्हणून तुम्ही कधी लुटलेच गेला नाहीत. हजार वर्षांचा हिशेब एका फटक्यात मिटला! ज्याच्याकडं काही नाही त्याचं काय नेणार? आणि त्याच्याकडं काही दिसलं तर ते त्यानंच कुठून तरी लुटलेलं असणार.

पण त्याचं वाक्य कायद्यानंही खोटं आहे, आणि हे तुम्ही पाठ करा. चोरीच्या व्याख्येत मालकी हा शब्द कळीचा नाही. कळीचा शब्द आहे ताबा. जुन्या दंडविधानाच्या कलम ३७८ मध्ये तेच होतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही तेच आहे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्या संमतीशिवाय ती अप्रामाणिकपणे हलवली की चोरी. कायद्यात उदाहरणच दिलंय: घड्याळ गहाण टाकणाऱ्यानं ते पैसे न फेडता सावकाराकडून गुपचूप उचललं तर घड्याळ त्याचं स्वतःचं असूनही ती चोरी. सावकाराच्या ताब्याची केवढी काळजी! मग दीड एकर मुगाच्या ताब्याची का नाही? जमिनीला चिकटलेलं पीक चोरीला जात नाही असं कुणी शहाणा म्हणाला तर पुढं वाचायला सांगा: जमिनीपासून सुटं झालं की त्याची चोरी होऊ शकते. मूग उपटला त्या क्षणी तो सुटा झाला. धाक घालून नेला की जबरी चोरी, कलम ३०९. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की तिचं नाव दरोडा, कलम ३१०. ते सात होते. आम्ही तर 'लूट' लिहून शब्द उलट मवाळच वापरला होता.

त्याच्याही पुढं ॲट्रॉसिटीचा कायदा. १९८९ चा, २०१५ ला दुरुस्त झालेला. कलम ३(१)(एफ) बघा: मालकीचीच नव्हे तर ताब्यात असलेली किंवा वाटपातली जमीनही त्यात येते. ३(१)(जी) बघा: पीक नष्ट करणं किंवा उत्पन्न काढून नेणं हे अक्षरशः लिहिलेलं आहे. ज्यानं हा मजकूर घातला त्याला गायरानातली रात्र माहीत असली पाहिजे. आणि कलम ४: जो सरकारी नोकर हे लिहून घ्यायचं जाणूनबुजून टाळतो तोही गुन्हेगार, तो स्वतः अनुसूचित जातीजमातीचा नसेल तर.

हे सगळं आम्हांला त्या दिवशी माहीत नव्हतं. इथं मला आपल्या माणसांबद्दल बोलायचंय आणि ते कडू लागेल.

आपण 'लूट' हा शब्द भाषणात इतका उधळला की कागदावर लिहायच्या वेळी तो रिकामा निघाला. आपले डावे मित्र शिकवतात, नफा म्हणजेच लूट, भांडवलशाही म्हणजेच लूट. खोटं नाही ते. पण सगळीच लूट म्हटली की ट्रॅक्टर घेऊन आलेले सात जण त्या गर्दीत पसार होतात. मी स्वतः जयंतीच्या स्टेजवरून 'हजारो वर्षांची लूट' अशी वीस भाषणं केलीत. टाळ्या घेतल्या. त्या वीस भाषणांच्या श्रोत्यांपैकी एकालाही कलम ३०३ मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच येत नव्हतं. आणि दुसरं. वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा होते तिचा हिशेब दरसाल फळ्यावर लागतो का? गायरानाचे प्लॉट पाडून शंभराच्या बाँडवर आपल्याच गरिबाला विकणारा निळा गमछावाला आपण पाहिला नाही का? त्याला काय म्हणायचं ठरलंय? तिथं आपली जीभ 'समाजाचा प्रश्न आहे' म्हणून आत का जाते? लाल पेन आपल्याही खिशात आहे.

मूगवाल्याचं पुढं काय झालं ते सांगतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात पाऊस कोसळला. उरलीसुरली कपाशी पाण्यात गेली. नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. ह्याच्या वावरापर्यंत पंचनामा आला नाही. सातबारा नाही तर नुकसान नाही. माणसानं नेलं ती लूट नाही आणि पावसानं नेलं ते नुकसान नाही. मग आम्ही तिघं बसलो. त्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत एक पुडकं निघालं. बापानं जपलेलं. दंडाच्या पावत्या! सरकारनं अतिक्रमणाबद्दल त्याच्या बापाला जो दंड केला होता त्याच्या पावत्या, १९८३ पासूनच्या. म्हातारा दर साली शिव्या खात दंड भरायचा आणि पावती जपून ठेवायचा. लोक हसायचे. आज तोच आमचा सातबारा. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे: १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान-पडीक जमिनीवर शेतीसाठी झालेली भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायची. तारीख बघा, कुणाची आहे ती. आणि तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. त्यांनी आम्हांला गुन्हेगार म्हणून जिथं जिथं लिहिलं तिथं तिथं आमचा ताबा सिद्ध झालाय.

दुसरा अर्ज त्या पावत्यांवर उभा केला. त्यात एकदाही 'लूट' लिहिलं नाही. ताबा, धाक, सात इसम, जातिवाचक शिवीगाळ, ट्रॅक्टर, अंदाजे क्विंटल, कलमं. हा अर्ज ठाण्यात दिला आणि रजिस्टर पोस्टानं वर जिल्ह्यालाही पाठवला. ठाण्यातल्या त्याच माणसानं या वेळी लाल पेन काढला नाही. वाचत बसला बराच वेळ. मग म्हणाला, "हे कुणी लिहून दिलं?" मूगवाला म्हणाला, "म्याच." खोटं होतं, पण मला फार बरं वाटलं.

गुन्हा अजून दाखल झालेला नाही. वरून दोन पत्रं आली, 'चौकशीवर आहे'. सातांपैकी दोघं आता रस्त्यात याच्याशी बोलतात, मिटवून घे म्हणतात, पाच हजार देतो म्हणतात. म्हणजे मूग कुणाचा होता हे त्यांना नीट माहीत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात त्यानं पुन्हा मूग पेरला. तोडणीपर्यंत रात्री आम्ही चौघं आळीपाळीनं राखणीला गेलो.

२०२२ च्या शेवटी हायकोर्टाच्या आदेशावरून गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा राज्यभर निघाल्या होत्या. सरकारी मोजणीत अशी अतिक्रमणं दोन लाखांवर निघाली. त्या नोटिसा पुन्हा कधी निघतील सांगता येत नाही. म्हणून भोकरदन-जाफराबादेतल्या आणि आसपासच्या ज्या ज्या पोरांच्या हाती हा अंक पडेल त्यांनी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडायला लावाव्यात. दंडाची पावती, पीकपाहणीचा जुना उतारा, एक-ईची नक्कल, १९९० च्या आधीचा कुठलाही सरकारी कागद ज्यात त्या वावराचा उल्लेख आहे, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पौर्णिमेला केदारखेड्याला विहारात घेऊन या. झेरॉक्सचा खर्च वर्गणीतून, आणि त्या वर्गणीचा हिशेब त्याच संध्याकाळी फळ्यावर. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही.